बेचाळिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव: अधिवृक्क ग्रंथीतल्या छोट्या गाठीचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४२, सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर विभागात कामाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाळप हंगाम जोरात होता. रात्रपाळी संपवून ते सकाळी घरी आले, आंघोळीचं पाणी काढायला गेले आणि डावा हात एकदम लुळा पडला. पाठोपाठ डावा पायही वळेना, बोलणं जड झालं, तोंड उजवीकडे ओढलं गेलं. घरच्यांनी लगेच गाडीत घातलं, पण सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अडीच तास गेले. दाखल करताना रक्तदाब २२६/१३०. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, खोल भागात, पुटामेन नावाच्या केंद्रात रक्तस्राव दिसला, अंदाजे १८ मिलिलिटर.

पुटामेनला रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात आणि मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात. वरच्या दाबाचा मार त्या वर्षानुवर्षं झेलतात. त्यांच्या भिंती जाड होतात, ठिसूळ होतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. म्हणून या जागी रक्तस्राव दिसला की बहुतेक वेळा केसपेपरवर ‘उच्च रक्तदाबामुळे झालेला रक्तस्राव’ असं लिहिलं जातं. ते चुकीचं नसतं, पण माझ्या मते ते निदान अर्धंच असतं. रक्तदाबामुळे रक्तस्राव झाला हे खरं, पण चाळिशीच्या माणसाचा रक्तदाब चार गोळ्या घेऊनही २२६ वर कशामुळे गेला? हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा, कारण उत्तरावर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो.

पहिल्या चोवीस तासांत करायचं ते ठरलेलं होतं. शिरेतून लॅबेटॅलॉल देऊन वरचा दाब हळूहळू, हिसके न बसता १४० च्या आसपास आणला. श्वासावर आणि शुद्धीवर लक्ष ठेवलं. न्यूरोसर्जनांनी पाहिलं आणि शस्त्रक्रियेची गरज नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्ताचा आकार वाढलेला नव्हता. डाव्या हातात जोर जवळपास नव्हता, पाय मात्र अंथरुणावर थोडा सरकत होता.

दाखल होतानाचं पोटॅशियम २.५ होतं (३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असायला हवं). ईसीजीमध्ये त्याच्या खुणा स्पष्ट होत्या. आयसीयूत पोटॅशियम कमी निघणं नवं नाही. ओकाऱ्या होतात, शरीरावरच्या ताणामुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं, आणि हा रुग्ण तर क्लोरथॅलिडोन, म्हणजे लोक जिला पाण्याची गोळी म्हणतात ती, घेत होता. या तीन कारणांत आकडा बसत होता. पोटॅशियम शिरेतून द्यायला सुरुवात झाली आणि एवढ्यावर विषय मिटला असता.

पिशवीतले कागद

तो मिटला नाही याचं श्रेय रुग्णाच्या पत्नीला. कापडाच्या दुकानातून मिळते तशा प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांनी आठ वर्षांचे सगळे कागद ठेवले होते: चिठ्ठ्या, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, कारखान्यातल्या वार्षिक आरोग्य तपासणीचे फॉर्म. “साहेब, यातलं काय लागतं ते मला कळत नाही, म्हणून काहीच टाकलं नाही,” असं म्हणत त्यांनी पिशवी माझ्यासमोर ठेवली. मी ते कागद तारखेनुसार लावून घेतले. कोणत्याही अवघड रक्तदाबात हे पहिल्यांदा करावं, असं मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो, कारण महागड्या तपासणीत कळत नाही ते कधीकधी जुन्या कागदांच्या क्रमात कळतं.

वयाच्या ३४ व्या वर्षी रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला आढळला, १६०/१००. अॅम्लोडिपिन सुरू झालं. ३६ व्या वर्षीच्या तपासणीत पोटॅशियम ३.३. आकड्याशेजारी प्रयोगशाळेने छापलेला खालच्या दिशेचा छोटा बाण होता. त्याच कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला होता, पोटॅशियमच्या आकड्याभोवती काही नव्हतं. ३९ व्या वर्षी टेल्मिसार्टन जोडलं गेलं. त्यानंतरचं पोटॅशियम ३.२. क्लोरथॅलिडोन त्याच्याही पुढे, ४१ व्या वर्षी, दोन औषधांनी भागेना म्हणून आलं. त्याच सुमारास मेटोप्रोलॉलही सुरू झालं.

या क्रमात सगळं आहे. पोटॅशियम पाण्याच्या गोळीने कमी झालं म्हणावं, तर गोळी सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीच ते कमी होतं. अॅम्लोडिपिनने पोटॅशियम उतरत नाही. टेल्मिसार्टनने तर ते थोडं वाढायला हवं, तरीही ते ३.२ वरच अडकलं. म्हणजे मूत्रपिंडातून पोटॅशियम कोणीतरी सतत बाहेर ढकलत होतं. आणि क्लोरथॅलिडोन आल्यावर, आधीच गळणाऱ्या ठिकाणी आणखी गळती सुरू झाली.

तक्रारी विचारल्या तर त्याही तशाच निघाल्या. रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागायचं. मधुमेह असेल म्हणून साखर अनेकदा तपासली, दर वेळी नॉर्मल. पोटऱ्यांत गोळे यायचे, त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. मेहुण्यांनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बॉयलरच्या लोखंडी शिडीवर हा माणूस पूर्वी धावत चढायचा. गेली दोन वर्षं मात्र मध्ये थांबून कठडा धरायचा, आणि “दम लागत नाही रे, मांड्या उचलत नाहीत” म्हणायचा. दम न लागता मांड्या न उचलणं ही छातीची किंवा हृदयाची तक्रार नव्हे, ती स्नायूंची आहे. पोटॅशियम उतरलं की मोठे स्नायू असेच दगा देतात.

जेवणाचं विचारलं. रात्रपाळीच्या डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि वर खारवलेली मिरची. बॉयलरजवळ घाम फार जातो म्हणून मीठ जास्त खावं, असा तिथे समज. ज्याच्या अंगात अल्डोस्टेरॉन नावाचं, मीठ धरून ठेवणारं संप्रेरक जास्त आहे त्याला हे दुहेरी नडतं: मीठ शरीरात साठून दाब वाढतो, आणि मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांपर्यंत जितकं जास्त सोडियम पोहोचतं तितकं जास्त पोटॅशियम त्याच्या बदल्यात लघवीतून जातं.

त्या ग्रंथीचं काम

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एक-एक अधिवृक्क ग्रंथी असते. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही तिला अॅड्रिनलच म्हणतात. तिचं वजन चार-पाच ग्रॅम. तिच्या सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढची साखळी चालते आणि शेवटी अॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम जातो. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं. गरज संपली की रेनिन उतरतं आणि अल्डोस्टेरॉनही उतरतं.

ग्रंथीत एखादी छोटी गाठ तयार झाली, किंवा दोन्ही ग्रंथी फुगल्या, तर त्या हुकुमाची वाट न बघता अल्डोस्टेरॉन बनवत राहतात. मीठ साठतं, दाब चढतो. मूत्रपिंड आपल्या बाजूने रेनिन पूर्ण बंद करतं, पण त्याचा काही उपयोग होत नाही, कारण वरची ग्रंथी आता त्याचं ऐकतच नाही. अल्डोस्टेरॉन वर आणि रेनिन तळाला, ही या आजाराची सही. म्हणूनच तपासणीत या दोघांचं गुणोत्तर बघतात.

अल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये लंडनमध्ये सिम्पसन आणि टेट यांनी वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अॅन आर्बरला जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली: स्नायूंचा अशक्तपणा, पेटके, वाढलेला रक्तदाब आणि उतरलेलं पोटॅशियम. कॉन यांनी दीर्घकाळ तिचा अभ्यास केला, ग्रंथीच यामागे असणार असा अंदाज बांधला, आणि शस्त्रक्रियेत अॅड्रिनलची गाठ खरंच सापडली. तेव्हापासून आजाराला त्यांचं नाव आहे, कॉन सिंड्रोम. त्या बाईंच्या तक्रारी आणि आमच्या रुग्णाच्या तक्रारी शेजारी-शेजारी ठेवल्या तर फारसा फरक राहत नाही.

आता पक्षाघाताचा मुद्दा. अल्डोस्टेरॉनचं नुकसान फक्त रक्तदाबाच्या आकड्यातून होत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या स्नायूंत त्याला पकडणारी केंद्रं असतात. तिथे ते सूज आणि चट्टे निर्माण करतं, भिंत ताठ करतं. २००५ मध्ये पॅरिसच्या एका गटाने सारखाच रक्तदाब असलेल्या दोन प्रकारच्या रुग्णांची तुलना केली. अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्यांपैकी १२.९ टक्क्यांना पक्षाघात होऊन गेला होता, साध्या रक्तदाबवाल्यांत हे प्रमाण ३.४ टक्के होतं. २०१८ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात पक्षाघाताची शक्यता सुमारे अडीच पट आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांची, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची, साडेतीन पट निघाली. हे अनियमित ठोके मेंदूत गुठळी पाठवतात, म्हणजे पक्षाघाताची ती दुसरी वाट. १६०/१०० हा आकडा दोन माणसांच्या कागदावर सारखा दिसला, तरी त्यांच्या धमन्यांची अवस्था सारखी नसते. हे डॉक्टरांनी आणि रुग्णांनी दोघांनीही मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

निदान करताना

पोटॅशियम भरून काढल्याशिवाय ही तपासणी करू नये, कारण पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉन खोटंच कमी दिसतं. मीठही त्या काळात तोडू नये. औषधांचा प्रश्न याहून अवघड. पुस्तकाप्रमाणे बऱ्याच गोळ्या दोन ते चार आठवडे बंद ठेवायच्या. पण नुकताच मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाच्या गोळ्या बंद करणं म्हणजे दुसरा रक्तस्राव ओढवून घेणं. आम्ही मधला रस्ता काढला. पाण्याची गोळी बंद केली. बीटा ब्लॉकर गटातली औषधंही (मेटोप्रोलॉल त्यातलंच) हळूहळू काढली, कारण ती रेनिन खोटंच खाली आणतात. त्यांच्या जागी प्राझोसिन दिलं, त्याने या तपासणीत ढवळाढवळ होत नाही. टेल्मिसार्टन मात्र चालू ठेवलं. टेल्मिसार्टनने रेनिन वर जायला हवं. त्याच्या उपस्थितीतही रेनिन तळालाच राहिलं तर निदान उलट पक्कं होतं.

पक्षाघातानंतर सुमारे दोन महिन्यांनी, पोटॅशियम ४.१ असताना, सकाळी दोन तास चालता-फिरता ठेवून आणि मग थोडा वेळ बसवून रक्त घेतलं. अल्डोस्टेरॉन ३८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, रेनिनची क्रियाशीलता ०.२. गुणोत्तर १९०. साधारणपणे ३० च्या वर गेलं तरी संशय घेतात.

खात्रीसाठी सलाइन चाचणी करतात: चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन उतरतं का ते पाहायचं. ती आम्ही केली नाही. पोटॅशियम आपोआप कमी झालेलं, रेनिन तळाला, अल्डोस्टेरॉन २० च्या वर, अशा वेळी ती लागतच नाही. शिवाय या रुग्णात ती धोक्याची ठरली असती. त्याआधी चोवीस तासांच्या लघवीतलं पोटॅशियम ६२ आलं होतं. रक्तात कमी असताना शरीराने ते वाचवायला हवं होतं, म्हणजे गळती मूत्रपिंडातूनच होती.

अॅड्रिनलचे आणखी दोन आजार रक्तदाब वाढवून मेंदूला इजा करतात, तेही तपासून बाजूला केले. फिओक्रोमोसायटोमामध्ये अॅड्रेनलिनसारखी रसायनं झटक्यासरशी सुटतात, डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते. त्यासाठी मेटानेफ्रिन, म्हणजे त्या रसायनांपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, पाहिलं, ते नॉर्मल. कुशिंगच्या आजारात कोर्टिसोल जास्त होतं. त्यासाठी रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळचं कोर्टिसोल पाहिलं, ते १.१ पर्यंत उतरलं होतं. फिओक्रोमोसायटोमा असताना गाठीला हात लावला, किंवा योग्य पूर्वतयारी न करता बीटा ब्लॉकर दिलं, तर टेबलावरच रक्तदाबाचं वादळ येतं. म्हणून ही तपासणी वगळण्याचा मोह कोणी करू नये.

पोटाच्या सीटीत डाव्या अॅड्रिनलमध्ये १.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. उजवी ग्रंथी किंचित जाड. नातेवाइकांना वाटलं, झालं, सापडली, आता काढून टाका. मेहुणे तर शस्त्रक्रियेची तारीख मागत होते. त्यांना समजावणं हा या प्रकरणातला अवघड भाग होता. वय वाढतं तशा अॅड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी होतातच. दिसणारी गाठ निष्पाप आणि खरा दोष दुसऱ्या बाजूला, असं होऊ शकतं. सीटीचं आणि दोन्ही अॅड्रिनलच्या शिरांतून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांचं उत्तर सुमारे ३८ टक्के रुग्णांत जुळत नाही, असं २००९ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं. पस्तिशीच्या आतल्या रुग्णात एकच स्पष्ट गाठ असेल तर थेट शस्त्रक्रियेकडे जाता येतं, इथे वय ४२.

दोन्ही शिरांचे नमुने

या तपासणीसाठी रुग्णाला मोठ्या शहरात पाठवावं लागलं, कारण ती नियमित करणारे हात थोडेच आहेत. जांघेतल्या शिरेतून नळी सरकवत दोन्ही अॅड्रिनलच्या शिरांपर्यंत जायचं आणि दोन्हीकडचं रक्त घ्यायचं. डावी शीर त्या मानाने सोपी, ती मूत्रपिंडाच्या शिरेत उतरते. उजवी मात्र जेमतेम काही मिलिमीटर लांब, आणि थेट महाशिरेच्या मागच्या बाजूला उघडते. नळी तिच्या तोंडाशी टिकत नाही. अनेकदा रक्त शेजारच्या यकृताच्या छोट्या शिरेतून येतं आणि घेणाऱ्याला कळतही नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यात कोर्टिसोलही मोजतात: अॅड्रिनलच्या शिरेतलं कोर्टिसोल बाकी शरीरातल्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त असायला हवं. आमच्या रुग्णात ते उजवीकडे आठपट आणि डावीकडे बारापट होतं, म्हणजे नळी दोन्हीकडे योग्य जागी पोहोचली होती. अल्डोस्टेरॉनचं कोर्टिसोलशी प्रमाण डावीकडे उजवीपेक्षा चौदापट निघालं, आणि उजवी ग्रंथी जवळजवळ गप्प होती. डावी बाजू दोषी, हे आता सीटीच्या चित्रापलीकडे जाऊन ठरलं.

हे होईपर्यंतच्या काळात स्पायरोनोलॅक्टोन दिलं होतं, २५ पासून ५० मिलिग्रॅमपर्यंत. हे औषध अल्डोस्टेरॉनची जागाच अडवतं. तीन आठवड्यांत रक्तदाब १३८/८६ आला. आठ वर्षांत या माणसाच्या कागदावर असा आकडा पहिल्यांदा उमटला. नमुने घेण्याआधी रेनिन परत तपासलं. ते अजून दबलेलं होतं, म्हणून औषध चालू असतानाही तपासणी करता आली. ते वर आलं असतं तर औषध थांबवून वाट बघावी लागली असती.

एक त्रास मात्र झाला. छाती दुखायला लागली, बोट लावलं तरी दुखे. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पत्नीलाही नाही. फिजिओथेरपिस्टने हात वर उचलताना चेहऱ्यावरची कळ पाहिली आणि विचारलं, तेव्हा मान खाली घालून सांगितलं. या औषधाने पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखतं, हे औषध लिहून देतानाच मोकळेपणाने सांगायला हवं, नाहीतर लोक लाजेने गोळी सोडून देतात. औषध बदलून एप्लेरेनोन दिलं. दोन्ही ग्रंथींत दोष असणाऱ्यांना शस्त्रक्रिया नसते, त्यांना ही औषधं जन्मभर लागतात. अशांत दबलेलं रेनिन पुन्हा वर येईपर्यंत मात्रा वाढवली, तर हृदयाचा आणि मेंदूचा धोका साध्या रक्तदाबवाल्यांच्या पातळीवर उतरतो, असं २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. नुसतं रक्तदाबाचं यंत्र पाहून समाधान मानू नये.

पक्षाघातानंतर सहाव्या महिन्यात दुर्बिणीतून डावी अॅड्रिनल काढली. कापल्यावर गाठ सोनेरी पिवळी निघाली, अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या गाठी तशाच असतात. पोटॅशियमच्या आणि एप्लेरेनोनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. नाहीतर दुसऱ्या टोकाला जाऊन पोटॅशियम चढतं, कारण इतकी वर्षं गप्प बसलेली उजवी ग्रंथी लगेच जागी होत नाही. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.९ आलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) मात्र ०.९ वरून १.२ झालं, आणि घरचे घाबरले. जास्तीच्या अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंड जोरात गाळत होतं आणि त्याची झीज झाकली गेली होती. ती आता उघडी पडली. त्यानंतर आकडा तिथेच स्थिर आहे.

सहा महिन्यांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही नॉर्मल. रक्तदाब अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीवर १२६/८०. पूर्ण औषधमुक्ती मिळाली नाही, आणि मिळेल असं मी आधी सांगितलंही नव्हतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रियेनंतर ९४ टक्क्यांचं रासायनिक संतुलन पूर्ण सुधारलं, पण औषधाविना रक्तदाब नॉर्मल राहिला तो ३७ टक्क्यांचाच. रक्तदाब जितकी जास्त वर्षं अंगात मुरलेला, तितकी ती शक्यता कमी. हेच निदान ३६ व्या वर्षी, त्या ३.३ च्या आकड्याजवळ झालं असतं, तर गोळ्या सुटण्याची संधी बरीच मोठी होती आणि डावा हात शाबूत असता. तो आता खांद्यापासून उचलतो, पण मूठ घट्ट वळत नाही. व्हॉल्व्हचं चाक फिरवणं जमत नाही म्हणून कारखान्याने त्यांना भांडार विभागात घेतलं आहे.

पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणजे हा आजार नाही, असं अनुमान मात्र वाचकाने यातून काढू नये. या आजाराच्या बहुतांश रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच असतं. आमच्या रुग्णाने निदान बाण तरी दाखवला होता, इतरांकडे तोही नसतो. म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने उच्च रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांत अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासावं अशी सूचना केली. आपल्याकडे सगळ्यांना हे कधी शक्य होईल ते होवो. पण चाळिशीच्या आत रक्तदाब, तीन गोळ्यांनी न उतरणारा रक्तदाब, अॅड्रिनलमध्ये योगायोगाने दिसलेली गाठ, घरात तरुण वयात झालेला पक्षाघात, यांपैकी एक जरी असेल तरी ही तपासणी पुढे ढकलण्याचं कारण मला दिसत नाही. काही हजार रुपयांचा खर्च आहे, आणि तो आयुष्यात बहुधा एकदाच करायचा असतो.

घरात पक्षाघात, यावरून आठवलं. रुग्णाचे एक चुलते छत्तिसाव्या वर्षी अचानक गेले होते, “डोक्यात रक्त झालं” एवढंच घरच्यांना माहीत. या आजाराचा एक दुर्मिळ आनुवंशिक प्रकार आहे. त्यात दोन शेजारच्या जनुकांचे तुकडे चुकीने जोडले जातात, १९९२ मध्ये तो उलगडला. अशा घराण्यांत तरुणपणी मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटून मृत्यू होतात. म्हणून ती जनुकीय तपासणी केली, दोष आढळला नाही. रुग्णाच्या धाकट्या भावालाही बोलावलं. वय ३७, रक्तदाब १४८/९४, त्याआधी कधी मोजलाच नव्हता. त्याचं रेनिन दबलेलं नव्हतं, गुणोत्तर नॉर्मल, म्हणजे साधा उच्च रक्तदाब. टेल्मिसार्टन ४० सुरू केलं, डब्यातलं लोणचं बंद करायला सांगितलं, आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं आहे.